आम्ही घरं बघायला गेलो होतो

मारायला सुरुवात झाली तेव्हा टेपची डबी माझ्या हातात होती आणि टोक माझ्या सोबत्याच्या. आम्ही एका बंद पडलेल्या शाळेची भिंत मोजत होतो. तो कोपऱ्यापलीकडे होता, मला दिसत नव्हता. अचानक टेप सुटला, पोलादी पट्टी सळसळत माझ्याकडे आली आणि तिच्या धारेनं माझा अंगठा कापला. मला वाटलं याचं लक्ष नाही. मी ओरडले, "अरे, नीट धर की!" उत्तर आलं नाही. पोटातून निघालेला एक आवाज तेवढा आला. मी कोपरा वळून गेले तर तो गुडघ्यांवर बसला होता, एक हात कानावर दाबलेला, आणि त्याच्या भोवती माणसं उभी होती.

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. उमरी तालुक्यातलं आहे, एवढं पुरे.

आम्ही दोघं तेव्हा लातूरच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होतो. मी लातूरचीच, आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हार्डवेअरचं दुकान आहे. तो नांदेडचा. वडील नव्हते, आई कपडे शिवायची. वर्गात आमची जोडी सरांनी लावली होती. त्याची रेघ सरळ यायची आणि मला अनोळखी माणसांशी बोलता यायचं, म्हणून. काम असं होतं की एक गाव निवडायचं आणि तिथल्या प्रत्येक इमारतीची वर्गवारी करायची. ती कशी बांधली आहे, कशासाठी बांधली होती, आणि आज तिथं खरोखर काय चालतं. मग गावाचा नकाशा काढायचा आणि त्यात रंग भरायचे. राहत्या घराला पिवळा, दुकानाला निळा, देवाच्या जागेला जांभळा, सरकारी इमारतीला तांबडा, गोठ्याला तपकिरी.

हे गाव त्यानंच शोधलं होतं. एका लांबट गल्लीत तिथं सगळे प्रकार होते. दगडी भिंतींवर मातीचं धाबं असलेली जुनी माळवदाची घरं, मधल्या काळातली पत्र्याची, आणि शहरात नोकरीला गेलेल्या पोरांनी बांधलेली स्लॅबची, ज्यांच्या वर लोखंडी सळया अजून आकाशाकडे बघत उभ्या असतात. मी आदल्या दिवशी नांदेडला त्याच्या घरी मुक्कामाला गेले होते आणि सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. त्याच्या आईनं धपाटे बांधून दिले होते.

त्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर एकच गोष्ट फिरत होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, त्यात बाया पण आहेत, बिस्किटाला गुंगीचं औषध लावतात, लेकरांची किडनी काढतात. एसटीत पुढच्या सीटवरच्या माणसानं असा एक मेसेज मोठ्यानं वाचला. माझा सोबती माझ्याकडे वळून म्हणाला, "आपल्याला बघून वाटेल का कुणाला, की यांना लेकरं सांभाळता येतील?" आम्ही हसलो.

सकाळ चांगली गेली. सरपंचबाईंच्या नवऱ्याला आम्ही कॉलेजचं पत्र दाखवलं. ते पारावर दात घासत उभे होते.

"घरकुलाचं हाय का?"

"नाही काका, कॉलेजचा अभ्यास आहे."

"मग कॉलेजचं बी मोजा. पन आमच्या गोठ्याला घर म्हनून लिवा. घर लिवलं की मंजूर व्हतं."

दोन ठिकाणी चहा झाला. आम्ही मोजत गेलो तसं आम्हाला कळत गेलं की या गावात एकही इमारत आपल्या कामाला बांधील नव्हती. जनावरांच्या दवाखान्यात सोयाबीनची पोती थपीला लावली होती. सरकारी योजनेतल्या संडासात गोवऱ्या भरल्या होत्या आणि दाराला कुलूप. समाजमंदिरात कुणाची तरी ट्रॉली उभी, तिच्या खाली कोंबड्या. माझ्या सोबत्याला याची गंमत वाटायची, पण रंग कोणता भरायचा यावर तो अडून बसायचा. "तिथं काय लिहिलंय ते सोड, आत काय चाललंय ते बघ," असं मी म्हणायची. तो म्हणायचा, "मग उद्या पोती उचलली तर काय, परत येऊन रंगवशील?"

मोठ्या रस्त्यावर एक किराणा दुकान होतं. पुढे शटर लावलेली दगडी खोली, मागे तेवढंच घर, दोन्हीवर मिळून एकच माळवद. दुकान चालवणारी बाई साठीच्या आसपासची, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज असा की समोरच्या गल्लीत बसलेलं कुत्रं उठावं. गाव तिला अक्का म्हणायचं. मी विचारलं, "अक्का, याला दुकान लिहू का घर?"

"दुकानात झोपते, घरात तेल इकते. लिव काय लिवायचं ते. आन् ते पाय काढ तिथून, तांदूळ निवडायलेय मी."

आम्ही त्या नकाशात तिचा अर्धा चौकोन निळा केला आणि अर्धा पिवळा.

दुपारी शाळेकडे गेलो. नवी शाळा गावाबाहेर झाल्यापासून ती रिकामी होती. निजामाच्या काळातलं बांधकाम, उंच कमानीचं दार, भिंतीत एक मोठी चीर. त्या दाराचा फोटो हवा होता, आणि दार किती उंच आहे ते फोटोत कळावं म्हणून शेजारी माणूस उभं करतात. आम्ही दोघंही टेप धरून होतो. पायरीवर एक चार-पाच वर्षांची मुलगी गुळाचा खडा चोखत आमच्याकडे बघत बसली होती. मी म्हटलं, "इथं उभी राहतीस का गं, बाळ?" ती उभी राहिली. फोटो काढला. पिशवीत बिस्किटाचा पुडा होता, तो तिला दिला. ती तिथंच बसून खायला लागली. समोरच्या घराच्या धाब्यावर एक बाई मिरच्या वाळत घालत होती. ती आमच्याकडे बघून काहीतरी ओरडली आणि खाली उतरली. मला वाटलं तिच्या मिरच्या वाऱ्यानं उडाल्या.

आम्ही पुन्हा भिंतीला टेप लावला.

मी कोपऱ्यावर पोचले तोवर त्याच्या कानातून रक्त यायला लागलं होतं. ज्यानं मारलं तो तिशीतला, भरल्या अंगाचा, शेतातून तसाच पळत आलेला. पायांना ओली माती होती. तो त्या मुलीचा बाप होता. मुलीला त्यानं एका हातानं छातीशी धरलं होतं आणि तिच्या तोंडात बोटं घालून बिस्किट बाहेर काढत होता. मुलगी घाबरून किंचाळत होती, आणि तिच्या किंचाळण्यानं बाकीचे आणखी चेकाळत होते.

"कुठं नेऊन राहिलता लेकराला?"

"कुठंच नाही," मी म्हटलं. "आम्ही घरं बघायला आलोय."

हे खरं होतं आणि त्या क्षणी यापेक्षा वाईट उत्तर दुसरं नव्हतं.

"कुनाची घरं? कामून?"

कुणीतरी माझ्या पिशवीतून नकाशाची गुंडाळी ओढली. तो कागद त्यांनी जमिनीवर पसरला, चार जणांनी चारी कोपऱ्यांवर पाय दिले. मला अजून तो क्षण स्वच्छ दिसतो, कारण त्या क्षणी सगळे गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "ह्ये बगा. घरावर खुना केल्यात."

"ह्ये पिवळं काय हाय?"

माझा सोबती खाली बसल्या बसल्या म्हणाला, "पिवळं म्हणजे राहतं घर. ज्यात माणसं राहतात."

"म्हंजे लेकरंबाळं!" कुणीतरी ओरडलं. "माझं घर पिवळं केलंय! माझ्याकडं दोन लेकरं हायेत!"

त्यानंतर बोलणं संपलं. आम्ही उंची मोजायला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक लाकडी काठी नेली होती. मुलीच्या बापानं मुलगी बायकांकडे दिली आणि ती काठी उचलली. पहिल्या फटक्याला माझ्या सोबत्यानं हात आडवा घातला आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी फांदी मोडावी तसा नव्हता तो. ओला, दबलेला होता. दुसरा पाठीवर, तिसरा पुन्हा पाठीवर, मग मोजायचं राहिलंच. काठी तुटली तेव्हा तिचं टोकदार अर्धं हातात राहिलं आणि त्यानं तो भोसकायला लागला.

मी मधे गेले. एका बाईनं माझी वेणी मनगटाला गुंडाळून ओढली. मी उताणी पडले. माझ्या तोंडावर एक हात आला, चेहरा दाबून धरणारा, तंबाखूचा वास असलेला. मी तो हात चावले. सोडला नाही. दातांखाली काहीतरी फाटलं आणि तोंडात गरम खारट चव आली, आणि मला बरं वाटलं. हे मी पुढे कित्येकांना सांगितलं आणि दर वेळी समोरच्यानं मान खाली घातली. पण बरं वाटलं होतं, हे खरं आहे.

एक पोरगा, कॉलेजात जाणाराच असेल, फोन उंच धरून हे सगळं टिपत होता. तो मारत नव्हता. "तोंड हिकडं करा तिचं," एवढंच म्हणत होता.

"खांबाला बांधा," कुणीतरी म्हणालं. आम्हाला ओढत मोठ्या रस्त्यावर आणलं. विजेचा खांब अक्काच्या दुकानासमोरच होता. माझ्या सोबत्याचे पाय चालत नव्हते. त्याला काखेत धरून आणलं होतं आणि त्याची चप्पल मागे राहिली होती. बांधायला दोर नव्हता. म्हणून ते दुकानाच्या पायरीशी गेले.

मुलीचा बाप म्हणाला, "काकू, दोर दे."

तो अक्काचा पुतण्या होता, तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ती तराजूमागून उठली आणि त्याच्याकडे न बघता आमच्याकडे बघितलं.

"कशाला?"

"लेकरं पळवनारे हायेत. माझी पोरगी न्यायलते."

"ह्ये? सकाळी इथं उभं ऱ्हाऊन मला घर का दुकान इचारायलते ह्ये. येडे हायेत. सोड."

"काकू, तू मधात येऊ नको. दोर दे."

"न्हाई माझ्याकडं."

दोराचं वेटोळं तिच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेलं सगळ्यांना दिसत होतं. पुतण्या पायरी चढला आणि हात वर केला. अक्कानं पारड्यातलं लोखंडी वजन उचललं आणि त्याच्या बोटांवर मारलं. तो किंचाळून मागे आला आणि मागच्यांवर आदळला. तेवढ्या गडबडीत तिनं माझ्या खांद्यावरची ओढणी धरून मला आत खेचलं. मी सोबत्याच्या शर्टाला धरलं होतं. शर्ट फाटत फाटत तोही आत आला. तिनं शटर खाली ओढलं, खालच्या कडीत लोखंडी सळई घातली, आणि अंधार झाला.

पुढचा किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. शटरवर दगड पडत होते. पत्र्यावरचा प्रत्येक दगड छातीत वाजत होता. मधेच लाथा, मधेच कुऱ्हाडीचा दांडा असावा असं काहीतरी. डबे फळीवरून पडले, एक बरणी फुटली आणि शेंगदाणे पायांखाली पसरले. माझा सोबती पोत्यांना टेकून बसला होता. तो सारखा विचारत होता, "काय म्हणतायत? काय म्हणतायत?" त्याला ऐकू येत नव्हतं, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

अक्का मागचं दार लावून आली. "मागून येनार न्हाईत," ती म्हणाली. "मागं भिंत हाताएवढी जाड हाय."

भिंतींची काळजी मला नव्हती. मी वर बघत होते. त्याच सकाळी मी स्वतः या खोलीचं छत बघितलं होतं. सागवानी तुळया, त्यावर आडव्या फळ्या, फळ्यांवर चिपाडं, आणि वर वीतभर पांढरी माती. कॉलेजात आम्हाला शिकवलेलं की असं छत उन्हाळ्यात घर थंड ठेवतं. पावलांचा आवाज आला. कुणीतरी शेजारच्या घरावरून धाब्यावर चढलं होतं. मग खोऱ्याचा आवाज. माती ओढल्याचा.

"अक्का, ते छत खोदतायत."

तिनं वर बघितलं. तोवर तिच्या चेहऱ्यावर फक्त वैताग होता. आता तो बदलला.

"ए!" ती ओरडली. "माझ्या माळवदाला खोरं लावतोस? तुझ्या आज्यानं आन् माझ्या नवऱ्यानं मिळून घातलंय ते! ए भाड्या!"

वरून पुतण्याचा आवाज आला. त्याच्या शिव्या मी लिहीत नाही. माती झरझरत खाली यायला लागली, आमच्या केसांत, डोळ्यांत, उघड्या साखरेच्या पोत्यात. मग चिपाडं. मग उजेडाची एक फट, आणि त्या फटीतून घुसलेली पहार. फळी मधोमध चिरली. मी सोबत्याला ओढून भिंतीशी नेलं. अक्का मागच्या घरात गेली आणि मुसळ घेऊन आली. मिरची कांडायचं, लोखंडी टोकाचं, तिच्या खांद्याएवढं.

तिला ते वापरावं लागलं ते असं. पुतण्यानं चिरलेल्या फळीवर जोर देऊन पाय टाकला आणि ती फळी मोडली. त्याचा डावा पाय मांडीपर्यंत खाली आला आणि तो अडकला. वरचं धड वर, पाय आमच्या डोक्यावर लोंबकळलेला, चिखल वाळलेला, पोटरीवर फळीचा लांब ओरखडा. क्षणभर तो पाय हवेत हलला, टेकायला जागा शोधत.

"मारा," मी म्हटलं.

अक्कानं माझ्याकडे बघितलं.

"मारा अक्का, मारा त्याला!" मी ओरडत होते. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता.

तिनं मुसळ दोन्ही हातांनी मागे नेलं आणि नडगीवर मारलं. एकदाच. पाय मधूनच वाकला, जिथं पाय वाकत नाही तिथं. वरून जो आवाज आला तो ऐकून बाहेरचे दगड थांबले. सगळेच थांबले. मग पळापळ झाली. आता त्यांना त्याला बाहेर काढायचं होतं. चार-पाच जण धाब्यावर चढले, त्याला काखेत धरून ओढू लागले, आणि प्रत्येक ओढीला तो आई आई करत होता. अक्का खाली उभी होती, मुसळ टेकून, तोंड वर करून. "हळू काढा," ती म्हणाली. "फळी लागायलीय त्याला. आधी फळी मोडा."

सरपंचबाईंच्या नवऱ्यानं फोन केला होता, म्हणून उमरीहून पोलिसांची जीप आली. दुकानापासून जीपपर्यंतच्या वाटेत आम्हाला पुन्हा मार पडला. एका हवालदाराच्या डोक्यात दगड बसला. टोपी पडली तरी त्यानं ती उचलली नाही, दोन्ही हातांनी माझं डोकं झाकून मला आत ढकललं. जीपच्या मागच्या काचेतून मला दिसलं की नकाशा रस्त्यावर पडला होता आणि लोक त्यावरून धावत होते.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात माझ्या कपाळाला टाके पडले. माझ्या सोबत्याच्या कानाचा पडदा फाटला होता, मनगट आणि बरगड्या मोडल्या होत्या. त्याची आई आली, त्याच्या उशाशी बसली आणि त्याच्या केसांतली माती बोटांनी काढत राहिली.

संध्याकाळी आप्पा लातूरहून आले. मी त्यांना फोन केला नव्हता. पोलिसांनी केला होता. ते वॉर्डाच्या दारात थांबले. माझे वडील मोठ्या आवाजाचे, गिऱ्हाइकाशी भांडताना चार दुकानं ऐकतील असे. ते दारात उभे राहिले आणि आत येईनात.

"आप्पा, या ना."

ते आले, पण बसले नाहीत. म्हणाले, "मी बघितला तो व्हिडिओ. दुपारीच."

"कोणता?"

"तुला मारायलेत तो. दुकानात आला ग्रुपवर. तोंडावर केस होते, रक्त होतं. ओळखलं न्हाई मी तुला. पुढं पाठवला मी. सगळ्या ग्रुपवर."

मला आधी अर्थ लागला नाही. मग लागला.

"नुसता पाठवला का काही लिहिलं वर?"

त्यांचा हात खिशातल्या फोनवर गेला.

"वाचून दाखवा आप्पा."

"जाऊ दे ना, माय."

"वाचा."

त्यांनी खिशातून फोन काढला. चष्मा शोधला, लावला. शेजारच्या खाटेवरची बाई ऐकत होती. माझ्या वडिलांनी माझ्यासमोर उभं राहून वाचलं, "टोळी सापडली. असल्यांना पोलिसात देऊ नका. जागेवर संपवा. प्रत्येकानं पुढं पाठवा." आणि शेवटी हात जोडल्याची खूण होती, तीही त्यांनी वाचली. "हात जोडलेत," म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड केलं. ते रात्रभर बाहेरच्या बाकावर होते, असं नर्सनं सांगितलं. सकाळी मला कळलं की गाडीच्या डिकीत ते दुकानातल्या लोखंडी सळया घेऊन आले होते. त्या गावात जाऊन घरं पेटवून द्यायची, असं निघताना घरी बोलून आले होते. सळया तशाच परत लातूरला गेल्या आणि बहुतेक विकल्या गेल्या. त्यांच्याशी मी पुन्हा बोलायला लागले ते बऱ्याच महिन्यांनी, आणि अजूनही ते फोन हातात घेऊन काही वाचत बसले असले की मी त्या खोलीत थांबत नाही.

केस उभी राहिली. पोलिसांनी मला फोटो दाखवले आणि मी ओळखले तेवढे सगळे सांगितले. वेणी ओढणारी बाई, मी चावले त्या हाताला पट्टी बांधलेला माणूस, व्हिडिओ काढणारा पोरगा. माझ्या सोबत्याला हे नको होतं. त्याचं ते वर्ष बुडालं होतं, उजव्या हाताची पकड गेली होती, आणि त्याच्या आईला भीती होती की ते लोक नांदेडला येतील. "जाऊ दे," तो म्हणायचा, चांगला कान माझ्याकडे करून. आमचं यावरून भांडण झालं, कडू भांडण, आणि त्यानंतर आम्ही पूर्वीसारखे कधी बोललो नाही. तो आता नांदेडात फरशीच्या दुकानात हिशेब बघतो. त्याच्या लग्नाला मी गेले होते.

कोर्टात गावातल्या कुणालाच काही आठवेना. एकानं सांगितलं मी शेतात होतो, दुसऱ्यानं सांगितलं मला मोतीबिंदू. बहुतेक जण सुटले. शिक्षा झाली ती पुतण्याला, कारण त्याच्याविरुद्ध त्याच्या काकूनं साक्ष दिली. अक्का काठापदराची साडी नेसून पिंजऱ्यात उभी राहिली आणि विचारलं तेवढं सगळं सांगितलं. त्याच्या वकिलानं विचारलं, पाय कुणी मोडला? "मीच की," ती म्हणाली. "मुसळानं." तिच्यावरही गुन्हा लागला, पण तो पुढे टिकला नाही. टिकलं ते गावाचं वैर. तिच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं थांबलं. एकदा कुणी शटरवर शेण फेकलं, एकदा दिरानं तिला भर रस्त्यात मारलं. ती उदगीरला मुलीकडे राहायला गेली.

मागच्या वर्षी कामानिमित्त मी उदगीरला गेले होते. मी आता लातुरात नोकरी करते; मोठ्या इमारतींची तपासणी असते, राहत्या घराची परवानगी घेऊन आत वसतिगृह चालवतात, तसल्या. पत्ता विचारत अक्काकडे गेले. ती ओसरीत लसूण सोलत बसली होती. आवाज तसाच होता. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही, कपाळावरच्या खुणेकडे बघून म्हणाली, "बरं शिवलंय."

मी तिला जे इतकी वर्षं सांगायचं होतं ते सांगितलं. की तुम्ही नसता तर आम्ही जिवंत नसतो. ती लसूण सोलत होती.

"तुमच्यासाठी म्हनून न्हाई मारलं मी," ती म्हणाली. "माझं छत फोडायलता त्यो."

मग मी विचारलं, दुकानाचं काय झालं? पडलं का?

"पडतंय कशाला. स्लॅब टाकला. त्यो बसतो ना तिथं."

"कोण?"

"पुतन्या. सुटून आला. पाय वाकडा बसलाय त्याचा, शेतात उभं ऱ्हाता येत न्हाई. मग खानार काय? पोरगी हाय त्याला. दुकान बसून करता येतं. म्या म्हनलं, घे चावी."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला. त्या खोलीत आम्ही दोघं भिंतीशी दबून बसलो होतो. त्या खोलीत माझा मित्र सारखं विचारत होता, काय म्हणतायत, काय म्हणतायत. आणि तिथं आता तो बसतो, पंखा लावून, साखर तोलतो, पोरांना गोळ्या देतो. ज्याला मारा म्हणून मी ओरडले होते त्याला आजही मारावं असं मला तिथं, त्या ओसरीत, दिवसाढवळ्या वाटलं.

"तुम्ही त्याला दिलंत, अक्का? त्यालाच?"

"पाय म्या मोडला न्हवं का त्याचा," ती म्हणाली. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते तिला कळलं असावं. "राग यायलाय तुला. येऊ दे. मला बी येतो त्याचा. फोनवर शिव्या देते त्याला."

तिनं सोललेला लसूण वाटीत भरला, टरफलं पदरात गोळा केली आणि उठली. गुडघे धरून, हळूहळू. आतून मुलीनं विचारलं कोण आलंय, तर तिनं कानडीत काहीतरी सांगितलं. मला त्यातलं लातूर एवढंच कळलं. मी चहा न पिता निघाले. गाडीत बसल्यावर चावी लावायला मला पुष्कळ वेळ लागला.